मधली जागा

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं माझ्याकडे नौपाड्याला राहायला येतात. थोरला लेकीचा, नऊ वर्षांचा, ऐरोलीहून येतो. धाकटी मुलाची, नुकतंच सहावं लागलेली, घोडबंदर रोडवरून येते. गेल्या दिवाळीत नारळाच्या वड्या थापल्या होत्या. चौकोनी ताटात वड्या पाडल्या की कडेला एक पट्टी उरतेच, तशी उरली. दोन बोटं रुंद, आठ बोटं लांब. आतल्या वड्या पोरांसाठी म्हणून मोठ्या पाडल्या होत्या, चार बोटं बाय चार बोटं.

थोरल्याला चौकोनी वडी दिली. धाकटीनं सगळं ताट न्याहाळलं आणि कडेची पट्टी उचलली. ती पट्टी पाहून थोरला म्हणाला, "आजी, तिला मोठी दिलीस." मी पट्टी घेतली, बरोबर मध्ये तोडली, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून त्याच्या वडीवर बसवले. कडेला कड जुळली. थोरला गप्प झाला, पण धाकटीचा चेहरा पडला. "तू माझी वडी छोटी केलीस." मी समजावलं की एक कणही कमी झालेला नाही. तोडताना पडलेला चुरासुद्धा तिच्याच तळव्यावर ठेवला. तिला पटलं नाही. तिनं दोन्ही तुकडे खाल्ले, पण आपलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखा चेहरा करून.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथी-पाचवीच्या वर्गांना क्षेत्रफळ किती वेळा शिकवलं असेल त्याची गणती नाही. तरी त्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मला वाटलं की हे मूल नक्की काय पाहतं आहे, ते मी आजवर कुणा मुलाला विचारलंच नाही.

लहान मुलाला जागेचं काही कळत नाही, असं मुळीच नाही. सहा महिन्यांच्या बाळांवर अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे. समोरचं चित्र आकारानं दुप्पट झालं की बाळाला फरक कळतो, दीडपट झालं तर कळत नाही. म्हणजे बोलण्याच्या, चालण्याच्या आधीच कसलीतरी मापपट्टी आत असते. ती भरड असते, पण असते. पुढची दहा वर्षं त्या भरड मापाचं काय होतं, हा माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वड्या पाडल्या, या वेळी जाणूनबुजून. एक पाच बोटं बाय पाच बोटं, दुसरी दोन बाय आठ. पहिली २५ चौकटींची, दुसरी १६ चौकटींची. फरक थोडाथोडका नव्हे, दीडपटीच्याही वर. धाकटीनं दोन्ही शेजारी ठेवल्या. आडव्या लावून पाहिल्या, उभ्या लावून पाहिल्या. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "दोन्ही सारख्याच आहेत. ही लांब आहे, ही जाड आहे." जाड म्हणजे तिला रुंद म्हणायचं होतं.

पाच आणि पाच दहा. दोन आणि आठ दहा.

निवृत्तीनंतर मी बालमानसशास्त्राचं जे थोडंफार वाचलं, त्यात नॉर्मन अँडरसन आणि डायन क्युनियो या दोन अमेरिकन संशोधकांचं १९७८ सालचं काम होतं. त्यांनी पाच वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या लांबी-रुंदीची आयताकार बिस्किटं दाखवली आणि विचारलं की भुकेल्या मुलाला एवढं बिस्किट मिळालं तर ते किती खूश होईल. रडक्या चेहऱ्यापासून हसऱ्या चेहऱ्यापर्यंतच्या मापावर मुलांनी बोट ठेवायचं. मोठ्या माणसांच्या उत्तरांचा आलेख काढला तर रेषा हातपंख्याच्या काड्यांसारख्या फाकत जातात, कारण बिस्किट जितकं लांब, तितकी रुंदीतली प्रत्येक वाढ जास्त भर घालते. हाच गुणाकार. पाच वर्षांच्या मुलांच्या रेषा मात्र ठाणे स्टेशनातल्या रुळांसारख्या समांतर गेल्या. रुंदी बोटभर वाढली की खुशी तेवढीच वाढणार, बिस्किट लांब असो की आखूड. मुलं लांबीत रुंदी मिळवत होती.

त्याआधी बहुतेकांची समजूत अशी होती की एवढ्या वयाचं मूल एका वेळी एकाच गोष्टीकडे पाहतं. लांबीकडे लक्ष गेलं की रुंदी सुटते. या प्रयोगात तसं दिसलं नाही. मूल दोन्ही पाहत होतं, दोन्ही मनात धरून ठेवत होतं, फक्त त्यांची मोट वेगळ्या पद्धतीनं बांधत होतं. त्याच्यापाशी नियम होता, आणि तो मूल मोडत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला एक मुलगा आठवला. नाव लिहीत नाही. तो आता चाळिशीला आला असेल. चौथीच्या चाचणीत सात सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद आयताचं क्षेत्रफळ त्यानं ११ लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली. वही घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, लांबी वाढली की मोठं होतं. रुंदी वाढली तरी मोठं होतं. मग दोन्ही मिळवायचे ना?" मी म्हणाले, "नाही. मिळवायचे नाहीत, गुणायचे." तो "बरं" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

नऊ वर्षांच्या त्या मुलाची चूक आणि पाच वर्षांच्या मुलीचा अंदाज एकच आहेत, असं मी म्हणणार नाही. एकाच्या डोक्यात सूत्रांचा गोंधळ असेल, दुसरीच्या डोळ्यांत भूक. पण त्यानं मला कारण सांगितलं होतं, आणि ते कारण विचार करण्याजोगं होतं. मी त्याला कारण सांगितलं नाही. गुणायचे एवढंच सांगितलं. त्या दिवशी टेबलावर चिंचोके मांडून त्याला सात-सातच्या चार ओळी दाखवायला मला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत, ही टोचणी अजून जात नाही.

किल्ल्यासाठी आणलेल्या सामानातून मी आणखी एक खेळ मांडला. हा माझा नव्हे, ज्याँ पियाजे, बार्बेल इनहेल्डर आणि अलिना शेमिन्स्का यांचा. त्यांचं मुलांच्या भूमितीवरचं काम १९४८ साली प्रसिद्ध झालं. दोन सारखे हिरवे पुठ्ठे म्हणजे दोन कुरणं. प्रत्येकावर एक खेळण्यातली गाय. मग दोन्हीकडे एकेक घर ठेवत जायचं. एका कुरणात घरं एकमेकांना चिकटून, दुसऱ्यात इकडे-तिकडे विखुरलेली. प्रत्येक वेळी विचारायचं की दोन्ही गाईंना सारखंच गवत आहे का.

घरं म्हणून मी काड्यापेट्या घेतल्या. दोन-तीन काड्यापेट्यांपर्यंत धाकटी "सारखं" म्हणाली. पाचव्या-सहाव्यापासून ती विखुरलेल्या कुरणाकडे संशयानं पाहायला लागली आणि दहाव्याला तिनं निकाल दिला. "या गाईला जास्त गवत. त्या गाईच्या मध्ये मध्ये बिल्डिंगा आल्यात." थोरला लगेच म्हणाला, "अगं, दोन्हीकडे दहाच आहेत. मोज." तिनं मोजल्या. दहा आणि दहा. "असू देत," ती म्हणाली. "तरी हिला जास्त."

सात वर्षांच्या आसपास मुलं या प्रश्नाला थोरल्यासारखं उत्तर द्यायला लागतात. तुकडे कसेही मांडा, झाकलेली जागा तेवढीच, म्हणून उरलेलीही तेवढीच, हे त्यांना पटलेलं असतं. ही समज मोठी आहे. क्षेत्रफळाचं पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे, आणि ती पाठ करून घेता येत नाही.

पण मी शेतकऱ्याची मुलगी आहे, आणि धाकटीचं उत्तर चूक म्हणताना माझी जीभ अडखळते. दहा ठिकाणी चार-चार गुंठे आणि एका जागी सलग एक एकर, कागदावर दोन्ही ४० गुंठेच. नांगर धरणाऱ्याला विचारा, ते सारखे आहेत का. दर तुकड्याचे बांध जागा खातात, बैल फिरवायला जागा उरत नाही, पाणी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात न्यायला भांडण होतं. म्हणून तर आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. आणि आजचं ठाणं पाहा. नव्या संकुलांमध्ये मोकळ्या जागेचे, सगळे आरजी म्हणतात त्याचे, आकडे कागदावर चांगले असतात. प्रत्यक्षात ती जागा कधी कधी भिंतीकडेच्या पट्ट्यांत आणि इमारतींमधल्या फटींत वाटलेली दिसते. बेरीज भरते, पण तिथं मुलांना क्रिकेट खेळता येत नाही. धाकटी अशाच एका संकुलात वाढते आहे. "मध्ये मध्ये बिल्डिंगा" हे तिनं तिथूनच आणलं. गाईच्या बाजूनं तिनं केलेला विचार मला जपून ठेवावासा वाटतो. दहा बरोबर दहा हे तिला आणखी दोन वर्षांत कळेलच.

थोरल्याची परीक्षा मी लाद्यांवर घेतली. माझी खोली जुन्या मोझॅक लाद्यांची आहे, एका बाजूला आठ लाद्या, दुसऱ्या बाजूला बारा. म्हटलं, या खोलीत किती लाद्या आहेत सांग. गुणाकार त्याला येतो, बारापर्यंतचे पाढे पाठ आहेत. पण त्यानं पाढ्याला हात लावला नाही. तो भिंतीकडेनं चालत निघाला, एकेक लादी मोजत. चारही भिंती फिरून आला आणि म्हणाला, "चाळीस." कोपऱ्यातल्या लाद्या दोनदा मोजल्या गेल्या होत्या, कडेच्या खऱ्या ३६. पण ती किरकोळ गोष्ट. मी विचारलं, "आणि मधल्या?" त्यानं खोलीच्या मध्यभागाकडे असं पाहिलं, जणू ते पहिल्यांदाच दिसत होतं. मग मधल्या मोजायला लागला, पण पलंगाखालच्या सोडून दिल्या. "त्या दिसत नाहीत ना."

कडेला धरून जाणं हा मुलांचा स्वभावच आहे. कड दिसते, कडेवरून बोट फिरवता येतं, कडेवरून चालता येतं. मधली जागा म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नसलेली जागा. ऑस्ट्रेलियात लिन आउटरेड आणि मायकेल मिचेलमोर यांनी पहिली ते चौथीच्या मुलांना आयत दिले आणि ते चौकोनांनी भरायला सांगितले. त्यांचे निष्कर्ष २००० साली आले. अगदी लहान मुलांच्या चौकोनांमध्ये फटी राहतात, काही एकमेकांवर चढतात. मग फटी बुजतात, पण चौकोन लहान-मोठे होतात, ओळी वाकड्या जातात. फार पुढे मुलाला उमगतं की एक चौकोन एकाच वेळी आडव्या ओळीतही असतो आणि उभ्या ओळीतही. ते उमगलं की मूल चौकोन काढायचं थांबवतं आणि सरळ रेघा मारतं. तिथं गुणाकार जन्माला येतो. सूत्र त्याआधी दिलं तर ते नुसतं पाठांतर होतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

धाकटीला मी तेच करायला लावलं. पोस्टकार्डाएवढा आयत आखून दिला आणि म्हटलं, यात लाद्या बसव. तिनं कडेकडेनं लाद्या काढल्या, जवळजवळ फेरी पूर्ण केली, आणि मध्ये फूल काढलं.

वर्गात इतकी वर्षं मी चौकटीचे कागद, फळ्यावरचे आयत, ठोकळे असलं काय काय वापरलं. घरातली सर्वांत जुनी वस्तू मात्र कधी शाळेत नेली नाही. ठिपक्यांची रांगोळी. माझ्याकडे आईचा ठिपक्यांचा कागद आहे, उदबत्तीनं भोकं पाडलेला. कागद गेरूवर पसरायचा, वरून रांगोळी चोळायची, उचलला की खाली ठिपके. पंधरा ठिपके, पंधरा ओळी. आम्ही लहान असताना मोजल्याशिवाय रांगोळी जुळतच नसे. एखादा ठिपका उमटला नाही की आडवी ओळही बिघडायची आणि उभीही, आणि तो कुठं हवा होता ते दोन्ही ओळींवरून बोट सरकवत आणलं की सापडायचं. आउटरेड आणि मिचेलमोर ज्याची वाट पाहत होते, ते आमच्या उंबऱ्यापुढे दर दिवाळीत घडत होतं. गणिताची बाई असून मला ते दिसलं नाही. कारण ते बायकांचं, सणाचं, पुसून टाकायचं काम होतं.

थोरल्याला मी चौरस मीटर दाखवला तो असा. छपाईचे ए-फोर कागद घ्यायचे, चार कागदांच्या चार ओळी, १६ कागद. जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर भरतो, कारण या मापांची सुरुवातच एक चौरस मीटरच्या ए-झीरो कागदापासून होते आणि पुढचा प्रत्येक कागद आधीच्याच्या निम्मा. त्याला आश्चर्य वाटलं की हा चौरस मीटर चौरस नाही, थोडा लांबट आहे. मग मी त्याला सांगितलं की लोकलच्या ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत त्याला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात. तो एका कागदावर दोन्ही पाय जुळवून उभा राहिला. "एवढ्यात एक माणूस?" त्याची आई रोज अशीच जाते. तो बराच वेळ त्या कागदावरून हलला नाही. मी पुढे काही शिकवलं नाही.

संध्याकाळी आम्ही तलावपाळीला जातो. धाकटीच्या मते मासुंदा तलाव मोठा, कारण फेरी मारून पाय दुखतात. कचराळी तलाव छोटा, कारण तिथं फेरी लवकर संपते. उत्तर बरोबर आहे, पण कारणात गोम आहे. आणि ही गोम फक्त मुलांची नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं तक्रार केली होती की लोक शहराचा आकार त्याच्या घेरावरून ठरवतात. स्टेडिया या जुन्या ग्रीक लांबीच्या मापानं मेगालोपोलिस ५० स्टेडिया घेराचं आणि स्पार्टा ४८, तरी स्पार्टा त्याच्या दुप्पट आहे, असं सांगितलं तर लोकांना ते अशक्य वाटतं. शाळेत शिकलेली भूमिती विसरल्यामुळे असं होतं, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, विसरण्याआधी ती कळलेलीच नसणार.

घरी येऊन मी लोकरीचा बारा इंचांचा धागा घेतला, टोकं गाठली, थर्माकोलवर टाचण्या टोचून आयत केले. पाच बाय एक. चार बाय दोन. तीन बाय तीन. धागा तोच. पोरांनी आत चिंचोके भरले आणि मोजले. लांबट आयतात मोजकेच मावले, चौरसात सगळ्यांत जास्त. थोरला म्हणाला, "टाचण्या काढून गोल करू?" गोल केल्यावर चौरसाहूनही जास्त मावले. तो खाली बसला, धागा हातात घेऊन, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून भरायला लागला. मी काही सांगितलं नव्हतं. याला मी शिकणं म्हणते.

चिंचोके पाहून मला बाबा आठवले. माझं माहेर खाडीकाठचं, आज जिथं नवी मुंबई आहे तिथलं. खाडीच्या बांधाच्या आत आमची भातशेती होती. आमच्या शेताचं माप बाबा कधी फुटांत सांगत नसत, गुंठ्यांतही क्वचित. ते म्हणत, दोन खंडीचं शेत. म्हणजे ज्यात दोन खंडी भात पिकतो ते. वीस मणांची एक खंडी. शेजारचं खाचर दिसायला मोठं होतं, पण त्यात खारं पाणी शिरायचं, म्हणून ते सव्वा खंडीचं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. शेत केवढं, तर जेवढं खायला देतं तेवढं. पियाजेच्या गाईचा प्रश्नही तोच होता.

१९७० साली सिडको स्थापन झाली. पुढच्या वर्षांत ९५ गावांच्या शिवारातून ३४४ चौरस किलोमीटरचं शहर आखलं गेलं. मोजणी आमच्या शेतातही झाली. साखळीचं माप मला नंतर शिकवताना कळलं. ६६ फुटांची साखळी, तिच्या निम्म्याचा चौरस म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, एक गुंठा. त्या वेळी मी नुसती बांधावर उभी राहून पाहत होते. माणसं कडेकडेनं चालली, आकडे लिहिले, गेली. बाबांनी तो आकडा मला वाचायला सांगितला. मी वाचला. ते म्हणाले, "यात भात कुठं लिहिलाय?"

क्षेत्रफळ हा शब्द भास्कराचार्यांच्या लीलावतीपासून, म्हणजे ११५० पासून तरी आपल्याकडे आहे. तिच्यातल्या भूमितीच्या भागाचं नावच क्षेत्रव्यवहार. गणितात फल म्हणजे निष्पत्ती, उत्तर, हे मला माहीत आहे. तरी क्षेत्र म्हणजे शेत, आणि शेताचं फळ म्हणजे क्षेत्रफळ, असंच माझ्या कानाला ऐकू येतं, आणि वर्गात हा अर्थ सांगितला असता तर फळ कडेला नसतं, आत असतं, एवढं तरी मुलांना कळलं असतं.

भाऊबिजेच्या सकाळी धाकटीनं विचारलं, पणजोबांचं शेत केवढं होतं. मी म्हटलं, दोन खंडीचं. तिला काही उलगडेना. म्हणून उंबऱ्यापुढच्या गेरूवर मी रांगोळीनं बांध काढून दाखवला, एका बाजूला थोडा वाकडा, तसा तो होताच. आत काय काय असायचं ते सांगितलं. आवणीला बायका ओळीनं वाकून उभ्या राहतात, चिखलात रोप खोचतात, आणि पुढे नाही, मागे मागे सरकत जातात, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर तिनं बांधाच्या आतून कडेकडेनं एक ओळ ठिपक्यांची पूर्ण केली होती. ठिपके जाड, वेडेवाकडे. मला वाटलं, आता मध्ये फूल येणार.

"झालं?" मी विचारलं.

"नाही. मधलं राहिलंय अजून," ती म्हणाली, आणि चिमटीत रांगोळी घेऊन, उकिडवी बसून, एकेक ठिपका टाकत मागे मागे सरकायला लागली.